तामसेनचा बाप

मल्लेशअण्णांना हिरो काढायचा कंटाळा होता. अंकाचं काम सुरू झालं की ते आधी खलनायक काढायचे, मग त्याचा किल्ला, मग त्याचं सैन्य, आणि हिरोच्या जागी पेन्सिलीची एक उभी रेघ मारून ठेवायचे. चित्रं छपाईचे ब्लॉक करायला जायच्या आदल्या दिवशी त्या रेघांना कसेबसे हातपाय फुटायचे.

"त्यात काय हाय, बाई?" ते म्हणायचे. "केस मागं, छाती पुडं, नाक सरळ. हिरो कुनीबी काडतंय. खलनायकाला बाप लागतो."

सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं. मी सोलापुरात मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवत होते आणि शाळा सुटली की गंगाधरपंतांच्या छापखान्यात जात होते. छापखान्याचं पोट लग्नपत्रिका, हँडबिलं आणि पावतीपुस्तकांवर चालायचं. पण पंतांना एक हौस होती. ते मुलांसाठी चित्रकथांचं मासिक काढायचे. काळा आणि लाल, दोनच रंग. चित्रं अण्णांची, चित्रातल्या माणसांच्या तोंडचे शब्द माझे. आधी हे शब्द लिहिणारे गृहस्थ पुण्याला निघून गेले, आणि पंत माझ्या वडिलांच्या ओळखीचे, एवढ्यावर ते काम माझ्याकडे आलं.

अंकावर आम्हा दोघांचंही नाव नसे. अण्णांना नावाची गरजही नव्हती. पूर्व भागातल्या त्यांच्या गल्लीत, मागांच्या खटखटाटातून ते चालत निघाले की पोरं ओरडायची, "तामसेन आला, तामसेन!" अण्णा थांबायचे. सावकाश मान वळवायचे. एक डोळा बारीक करून पोरांवर रोखायचे. पोरं किंचाळत पळायची आणि कोपऱ्यावरून पुन्हा डोकावायची.

तामसेन हा त्यांचा खलनायक. पाताळातला राजा. एक डोळा पांढरा, दाढी गुडघ्यापर्यंत, कमरेला जिंकलेल्या नगरांच्या किल्ल्यांचा जुडगा. मी यायच्या कितीतरी आधीपासून तो होता. हिरो येत आणि जात, तामसेन कायमचा. शेवटच्या पानावर तो दरीत कोसळायचा आणि पुढच्या महिन्यात पहिल्याच पानावर पाय रोवून उभा असायचा. कसा वाचला, हे एका ओळीत सांगावं असं मी सुचवून पाहिलं.

"तो तामसेन हाय," अण्णा म्हणाले. "वाचतो."

अण्णा विणकराच्या घरातले. वडील हातमागावर बसायचे, भाऊ यंत्रमागावर. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, बाजारात दोन्हींची मिसळ. मागाच्या आवाजाला कंटाळून ते लहानपणीच एका बोर्ड रंगवणाऱ्याच्या हाताखाली पळून गेले होते, ते परत मागावर बसलेच नाहीत. उंच, जाड मानेचे, सदऱ्याची उजवी बाही मनगटापासून कोपरापर्यंत शाईनं काळी. टेबलासमोर भिंतीला दाढीचा एक आरसा लावलेला. तामसेन चिडलेला काढायचा असेल तर अण्णा आधी आरशात चिडायचे. दात विचकायचे, नाकपुड्या फुगवायचे, मग तो चेहरा तसाच तोंडावर ठेवून भराभर रेघा ओढायचे. एकदा मोडनिंबचे एक शेतकरी मुलीची लग्नपत्रिका छापायला आले होते. दारातून त्यांना आधी अण्णाच दिसले, ऐन रागात. पाहुण्यांनी चप्पल पायात सरकवली आणि "पुन्हा येतो" म्हणून जे गेले ते गेले. पंतांनी दुसऱ्याच दिवशी अण्णांच्या टेबलापुढं पडदा लावला.

माझं आणि अण्णांचं पहिलं भांडण तामसेनच्या बालपणावरून झालं. मी नवी होते, कॉलेजातून मानसशास्त्राची दोन पुस्तकं वाचून आलेली. एका कथेत मी लिहिलं की तामसेनच्या वडिलांचा राजानं भर दरबारात अपमान केला होता, म्हणून तो असा झाला. अण्णांनी कागद परत माझ्यासमोर ठेवला.

"हे काय?"

"कारण."

"कशाचं?"

"तो वाईट का झाला, हे वाचणाऱ्याला कळायला नको?"

अण्णांनी ब्रश कानामागं खोचला. "बाई, वाघ गल्लीत शिरला तर तुमी काय करनार? त्याला इचारनार, लहानपनी तुला कोन काय बोललं का म्हनून? आपन काठी हुडकतो. तुमी असं कारन दिलं की पोरगं हातातली काठी खाली ठिवतंय."

मी वाद घातला. वाईट माणूसही माणूस असतो, त्यालाही मन असतं, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "असतंय की. त्याचं मन त्याच्यापाशी. हितं पानात जागा न्हाय." वडिलांचा अपमान वगळला गेला.

पुढं स्टेशनवरच्या स्टॉलवर मुंबईची रंगीत चित्रपुस्तकं येऊ लागली. चकचकीत कागद, चार रंग. त्यांतले खलनायक वेगळेच. काचेच्या टोपातले शास्त्रज्ञ, बटणांच्या भिंती, किरण सोडणाऱ्या तोफा. आमचा खप उतरला. पंत एक दिवस तसली पाच-सहा पुस्तकं घेऊन आले आणि अण्णांच्या टेबलावर पसरून म्हणाले, "मल्लेशअण्णा, काळ बदलला. किल्ल्या लटकवलेला राक्षस आता चालत नाही. नवा खलनायक पाहिजे. यंत्रवाला."

अण्णांनी एकेक पुस्तक लक्ष देऊन पाहिलं. मग पंतांना विचारलं, "मालक, हितं लाईट किती वेळ जाते?"

"का?"

"ह्यो गडी बटनावर चालतोय. लाईट गेली की ह्याला जेवायचं ताट दिसनार न्हाय, जग काय जिंकतोय? तामसेनला दिवा लागत न्हाय."

कंपोझिटर टाइपच्या खणांवर वाकून हसत होते. पंतांचा चेहरा उतरला, पण त्यांनी हट्ट सोडला नाही. शेवटी मालक ते मालक. अण्णांनी यंत्रवाला काढला. प्रोफेसर धूम्र त्याचं नाव. सांगितलं तसं सगळं केलं, काचेचा टोप, बटणं, तोफ. फक्त प्रत्येक चित्रात त्या तोफेतून एक वायर निघालेली काढली. ती पानाच्या कडेकडेनं सरपटत पुढच्या चित्रात जायची, तिथून पुढच्या पानावर. मला वाटलं शोभेसाठी असेल. शेवटच्या पानावर कळलं. वायर भिंतीतल्या प्लगपाशी पोचली होती, आणि तिथं झाडू मारणाऱ्या एका आजीनं झाडूला अडकते म्हणून ती उपटून बाजूला टाकली होती. प्रोफेसर धूम्र अंधारात उभा. समाप्त.

पोरांनी तो अंक डोक्यावर घेतला. पण प्रोफेसर धूम्रला कोणी पुन्हा भिणं शक्य नव्हतं. पंत आठवडाभर अण्णांशी बोलले नाहीत. पुढच्या महिन्यात तामसेन मुकाट्यानं परत आला.

मग बाहत्तरचा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळत नाही. विहिरी आटल्या, सांगोल्याकडची माणसं बायकापोरांसह खडी फोडायच्या कामांवर गेली, शहरात मागांची खटखट अर्ध्यावर आली. कंट्रोलच्या, म्हणजे रेशनच्या, दुकानात लाल मिलो यायचा, परदेशातून आलेला. जनावरांचं धान्य म्हणून लोक नाक मुरडायचे आणि त्याच्यासाठीच सकाळपासून रांगेत उभे राहायचे.

त्या दिवसांत एका रविवारी अंकाचं काम अडलं म्हणून मी अण्णांच्या घरी गेले. त्यांची बायको नरसव्वा दारात बसून विड्या वळत होती. मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. बोटं एकसारखी चालू. बाजूला रिकामी पिशवी पडलेली. बारीक अंगाची बाई, पण बोलली की अण्णांसारखा माणूस गप्प बसायचा. मी आणलेली अंकाची पानं अण्णांच्या आधी तिनंच हात पुसून घेतली. तामसेन एक नगर जाळत होता. तिनं ते चित्र पाहिलं आणि हसली.

"काय झालं?" अण्णांनी विचारलं.

"काय न्हाय. तुमच्या तामसेनला कंट्रोलच्या रांगेत हुबा करा. दुपारपातूर रडंल."

"नगरं जाळतो तो!"

"जाळू दे की. जळकं नगर दिसतं तरी. शेजारी पानी घिऊन येतात." ती पुन्हा विडी वळू लागली. "भाऊसाब काय करतो ते दिसतंय का कुनाला? चार दिस जातीया मी. वरडत न्हाय, शिवी देत न्हाय. ताई म्हनतो मला. ताई, माल आला न्हाय, उद्या या. रिकामी पिशवी घिऊन मी घरी, आन् मागच्या दारानं पोती कुटं जात्यात ते सगळ्या गल्लीला ठावं. त्याच्या अंगावर जावं तर कसं जावं? त्यो हात जोडतो."

भाऊसाहेब म्हणजे त्यांच्या चौकातला कंट्रोलवाला. कपाळाला गंध, स्वच्छ धोतर, गोड आवाज. मोठमोठ्या लोकांत ऊठबस.

अण्णा चिडले. "तो चोर हाय. खलनायक न्हाय. खलनायकाला दरारा पायजे."

"तुमाला न्हाय वाटत दरारा," नरसव्वा म्हणाली. "पिशवी माझ्या हातात असती."

अण्णांनी त्या दिवशी एकही रेघ काढली नाही. दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन ते स्वतः रांगेत उभे राहिले. उन्हात उभे राहिले. त्यांची पाळी आली तेव्हा भाऊसाहेबांनी हात जोडून सांगितलं, उद्या या. अण्णा तिथून थेट छापखान्यात आले, पिशवी तशीच हातात, आणि पडद्यामागं आरशासमोर बसले. मग मला हाक मारली.

"बाई, जमत न्हाय. दात विचकून बघितलं, डोळा बारीक करून बघितला. ह्याला तोंडच न्हाय."

"मग?"

"तेच तर."

दोन दिवस कागद फाडणं चाललं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी आरसा खिळ्यावरून काढून उपडा ठेवला. मग त्यांना ते सापडलं. त्यांनी दुकान खालून काढलं, काउंटर छातीपर्यंत येणाऱ्या बाईला दिसतं तसं. पुढं काउंटरची फळी, तिच्यावर एक मऊ, गुबगुबीत, अंगठ्या घातलेला हात, जरासा वर उचललेला. त्यामागं खूप उंचावर एक हसरा, शांत चेहरा. राग नाही, दात नाहीत, दाढी नाही. मी बघितलं आणि नकळत, रांगेत उभी असल्यासारखी, मान वर केली.

"ह्याच्या तोंडात जास्ती काय घालू नका," अण्णा म्हणाले. "दोनच शब्द. उद्या या. पैल्या पानापासून शेवटच्या पानापातूर तेवढंच."

आम्ही त्याचं नाव ठेवलं उद्याशेठ. दुष्काळी राज्यातला धान्याचा व्यापारी. राजा येतो, त्याला म्हणतो, उद्या या. सेनापती तलवार उपसून येतो, त्याला बसायला पाट देतो आणि म्हणतो, उद्या या. हिरो नव्हताच, पेन्सिलीची रेघसुद्धा नाही. शेवटच्या पानावर दुकानापुढं नुसती माणसांची रांग, आणि खाली 'पुढील अंकी'.

माझ्या शाळेतल्या मुलींनी तोंडं वाकडी केली. तामसेन कुठं गेला, लढाई का नाही, असा त्यांचा सवाल. पण मग नवलच झालं. त्यांच्या आया तो अंक वाचू लागल्या. शिक्षकांच्या खोलीत तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरला. रांगांमध्ये बायका भाऊसाहेबांना पाठीमागं उद्याशेठ म्हणू लागल्या, आणि नुसत्या त्या चौकातच नाही, जिथं जिथं असा एक हात होता तिथं तिथं. पंत तोच अंक दुसऱ्यांदा छापायला निघाले. हे आधी कधी झालं नव्हतं.

मी अण्णांना चिडवलं, "काय हो, नवा खलनायक जुन्याच्या तोडीचा होत नाही म्हणत होता ना?"

ते हसले नाहीत. ब्रश धुता धुता म्हणाले, "तामसेनला मी कदी भ्यालो न्हाय, बाई. पोरं भ्यायची, मी न्हाय. ह्याला मी भितो. म्हनून ह्यो जमला. ते बटनवाले काडनारे, कशाला भीत असतील ते? कशालाच न्हाय. म्हनून ते खेळन्यावानी दिसतात."

दुसऱ्या अंकाची चित्रं तयार होत होती तेव्हा भाऊसाहेब छापखान्यात आले. स्वतःच्या पायानं, एकटे. पंतांना नमस्कार, मला नमस्कार, अण्णांना नमस्कार. चहा घेतला, बशीत ओतून, शांतपणे. मासिकाचं कौतुक केलं. मुलांवर चांगले संस्कार होतात म्हणाले. मग सांगितलं की त्यांच्या ओळखीच्या संस्थांची वर्षभराची सगळी छपाई या छापखान्याला मिळावी अशी त्यांची इच्छा आहे.

"आणि ते शेठचं चित्र," ते उठता उठता म्हणाले. "बंद करा असं मी कसं म्हणेन? कलाकाराचं मन मोडू नये. फक्त या महिन्यात नको. पुढं कधीतरी छापा."

अण्णा पडद्याबाहेर येऊन म्हणाले, "म्हंजे उद्या."

भाऊसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू जरासुद्धा हललं नाही. चित्रात होतं तसंच. मला तेव्हा खरी भीती वाटली.

ते गेल्यावर पंत खुर्चीत बसले आणि कपाळ पुसू लागले. ते वाईट नव्हते. छापखान्यात आठ-दहा माणसं होती, दुष्काळात पत्रिका कोण छापतो? त्यांनी मधला मार्ग काढला. उद्याशेठला पश्चात्ताप होऊ दे. शेवटच्या पानावर तो रडतो, गोदाम उघडतो, गोरगरिबांना धान्य वाटतो. सगळे त्याच्या पाया पडतात. "बाई, तुम्ही तेवढे संवाद लिहा," पंत म्हणाले.

मी कागद ओढला तेवढ्यात अण्णांनी त्यावर आपला शाईनं माखलेला तळहात ठेवला.

"न्हाय लिवायचं. ह्यो रडला की ती रांगेतली बाई खोटी पडती. माझी बायको खोटी पडती. तामसेन दरीत पडतो, हरतो, पर माफी मागत न्हाय. मी कुनाच्या तोंडात खोटं घातलं न्हाय अजून."

"अण्णा, मग मासिक बंद करावं लागेल," पंत म्हणाले.

"करा की."

त्यांनी चित्रं गोळा केली, ब्रश गोळा केले आणि निघाले. मी पेनाला टोपण लावलं. पंतांनी तो कागद परत गठ्ठ्यात ठेवला.

आठवड्याच्या आत नरसव्वाला दुकानात सांगण्यात आलं की तिच्या कार्डाची चौकशी चालू आहे, ती होईपर्यंत तिला मिलो मिळणार नाही. सांगणाऱ्यानं तिला ताई म्हटलं. शेजारणींनी आपापल्या पिशवीतून ओंजळ ओंजळ दिलं. अण्णांचा भाऊ म्हणाला, जाऊन पाय धर, विषय मिटव.

अण्णा गेले, पण पाय धरायला नाही. दुकानासमोर रस्त्याच्या पलीकडे त्यांच्या या भावाच्या मागाच्या शेडची भिंत होती. भाऊ घाबरून नको नको म्हणत असताना अण्णांनी भर सकाळी तिथं शिडी लावली. शिडी धरली नरसव्वानं. बोर्ड रंगवायचा ऑइलपेंट, पुरुषभर उंचीचा उद्याशेठ, काउंटर, अंगठ्या, हसू. रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या. चित्राखाली अक्षर एकही नव्हतं. ते दोन शब्द सगळ्यांना पाठ होते.

त्या संध्याकाळी कोणीतरी भिंतीवर चुना मारला. सकाळी अण्णांनी पुन्हा रंगवलं. पुन्हा चुना. मग अण्णांनी फक्त हात काढला, भिंतभर मोठा, वर उचललेला. चेहरा नाही, कपडे नाहीत, काही नाही. त्या दिवशी मी शाळेतून सरळ तिथं गेले होते. उन्हं अजून कडक होती. रांग दुकानापासून मारुतीच्या देवळापर्यंत गेली होती. भाऊसाहेब दुकानातून उतरून रस्त्यात आले.

"मल्लेशअण्णा," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं पण गोडच बोलले, "हे तुम्ही माझं चित्र काढताय, असं लोक म्हणतात."

अण्णा शिडीवरून म्हणाले, "हात हाय नुसता. तुमचा हाय का? तुमचा असंल तर सांगा. खाली नाव लिवतो. फुकाट."

भाऊसाहेबांनी आपला उजवा हात धोतराच्या सोग्याआड घेतला. ते त्यांच्याही लक्षात आलं नसावं, पण रांगेनं ते पाहिलं. पुढं कुठून तरी एक हसली. मग दुसरी. मग रांगच्या रांग हसू लागली, दुष्काळात सुकलेल्या, उपाशी बायका, पोट धरून.

नरसव्वानं शिडी सोडली. सरळ दुकानात गेली आणि पिशवी काउंटरवर आपटली.

"आज," ती म्हणाली.

तिच्यामागं पिशव्या पडत गेल्या. कोणी आरडाओरडा केला नाही, दगड उचलला नाही. बायका काउंटरपुढं, पायरीवर, रस्त्यात बसल्या आणि उठल्या नाहीत. दोन पोलीस आले. त्यांतल्या एकाची तर बहीणच त्या रांगेत होती. त्यानं भाऊसाहेबांना बाजूला नेऊन काहीतरी सांगितलं. उन्हं उतरायच्या आत मागची खोली उघडली गेली. माल आलेला नव्हता म्हणत होते, तो थप्पीनं लावलेला होता. त्या दिवशी चौकातल्या प्रत्येक घरात मिलोची भाकरी झाली. चव वाईट असते तिला. कोणी तक्रार केली नाही.

भाऊसाहेबांचं दुकान बंद झालं नाही. त्यांना शिक्षा झाली नाही. फक्त पुढं बरेच दिवस त्यांनी पाळी आलेल्या कोणाला परत पाठवलं नाही. किंमत चुकवली ती अण्णांनी. शहरातल्या दुकानदारांनी त्यांना बोर्ड द्यायचं बंद केलं. कोणी सरळ नाही म्हणालं नाही, गोडच बोलले सगळे. पंतांनी मासिक कलाशाळेतून आलेल्या एका तरुणाकडे दिलं. हात चांगला होता त्याचा. त्यानं तामसेन परत आणला आणि वाचकांना आवडेल म्हणून त्याला एक आई दिली, जी तो लहान असताना वारली होती. तामसेन आईच्या समाधीपाशी बसून रडतो, असं पानभर चित्र.

अण्णा तो अंक हातात घेऊन छापखान्यात आले तो दिवस कंपोझिटरांनी पुढं वर्षानुवर्षं सांगितला.

"काय बे!" ते त्या तरुणावर कडाडले. "तामसेनला आई? त्याला मी जल्माला घातला! आई असती तर मला ठाऊक नसती व्हय? इतकी वर्सं किल्ले जाळले त्यानं, कदी कुनापुडं डोळं पुसलं न्हाईत, आन् तू त्याला रडवला?"

तो बिचारा म्हणाला, "अण्णा, हल्ली खलनायकाची बाजूही दाखवतात."

"दाखव की. पर रडका दाखवू नको. ज्याची कीव येती त्याच्यापुडं कोन हुबा ऱ्हानार काठी घिऊन?"

त्यांनी अंक टेबलावर ठेवला, फाडला नाही. रडणाऱ्या तामसेनच्या डोळ्यांवर अंगठ्यानं शाईचा एक ठिपका दाबला आणि निघून गेले. मासिक वर्षभरात बंद पडलं.

माझी बदली बार्शीला झाली आणि अण्णांची गाठभेट सुटली. कळायचं ते असं उडत उडत. शहरात काम नाही म्हणून ते हायवेला गेलेत, ट्रक रंगवतात. नरसव्वा बरी आहे.

दशक संपत आलं होतं. मी पुण्याहून एसटीनं सोलापूरला येत होते. गाडी मोडनिंबला थांबली. चहा प्यायला उतरले तर टपरीशेजारी एक ट्रक उभा, आणि त्याच्या मागच्या फळीपुढं स्टुलावर बसलेली ती जाड मान. केस पांढरे झाले होते. फळीभर ते राक्षसाचं तोंड रंगवत होते, गाडीला दृष्ट लागू नये म्हणून काढतात तसं. पण तसं नव्हतं. बाजारी राक्षसाला नुसती जीभ आणि शिंगं असतात. हा शांतपणे बघत होता.

"अण्णा!"

त्यांनी वळून पाहिलं. ओळखायला क्षणभर लागला. "बाई! कुटं हितं?" मग लगेच, जणू आम्ही कालच उठून गेलो होतो, फळीकडे बोट केलं. "बगा बरं. डोळा कसा झालाय?"

ट्रकवाला बाजूला उभा होता. तो वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही तरी सांगा यांना. लई भ्या वाटतंय त्याचं. जरा हसरा काढा म्हणतोय मी, पाहुण्यारावळ्यांत गाडी उभी करावी लागते. हल्ली असले चालत न्हाईत."

"चालत न्हाईत म्हनं," अण्णा मला म्हणाले. "पळतात, म्हना. ऐंशीच्या स्पीडनं." आणि ट्रकवाल्याकडे पाठ फिरवून त्यांनी उजव्या बुबुळात पांढऱ्याचा एक बारीक ठिपका ठेवला. राक्षस जिवंत झाला. ट्रकवाला एक पाऊल मागं सरला.

"हा जुना का नवा?" मी विचारलं.

अण्णांनी ब्रश फडक्याला पुसला. "इचारनाऱ्याला जुना. ज्याच्या पुडं जाईल त्याला नवा."

आमच्या कंडक्टरनं घंटी मारली. नीट निरोपही झाला नाही. खिडकीतून पाहिलं तेव्हा ते स्टूल उचलून रांगेतल्या पुढच्या ट्रककडे निघाले होते, आणि त्याचा मालक हात हलवून त्यांना आधीच काहीतरी समजावत होता. अण्णा मान हलवत होते. नाही म्हणून.

रंगवलेला ट्रक आमच्या पुढंच निघाला. ओला रंग उन्हात चमकत होता. हायवे मोकळा होता, आमची गाडी रिकामी, ड्रायव्हर तरणा आणि घाईतला. त्यानं दोनदा हॉर्न वाजवला, स्टिअरिंग जरा उजवीकडे घेतलं, त्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि पाय ढिला सोडला. मोहोळ येईपर्यंत त्यानं ओव्हरटेक केलं नाही.